इंजिन पाणी खातंय, पण जातंय कुठे?

लोड गाडी कसारा घाट चढायला लागते आणि अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा वर सरकतो. ड्रायव्हर जागा बघून गाडी बाजूला घेतो, इंजिन निवू देतो, टाकीत बघतो तर पाणी खाली गेलेलं. दोन बाटल्या ओतून गाडी निघते. पुढच्या ट्रिपला पुन्हा तेच. मग गॅरेज. आधी होज पाईप आणि क्लिपा बदलतात, मग टोपी, मग वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप), मग रेडिएटर उतरवून साफ करतात. तरी पाणी जातंच, म्हणून शेवटी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरतं. गाडीवाल्याचा हप्ता यात जातो, आणि गाडी उभी राहते ते नुकसान वेगळंच.

अशा गाड्यांच्या आसपास माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. हट्टी दोष पार्ट बदलत बसून सापडत नाही. कोण कोणाला ढकलतंय, म्हणजे दाब कुठे जास्त आणि कुठे कमी आहे, हे बघितलं की तो सापडतो. एवढं डोक्यात बसलं तर निम्म्या गाड्यांची हेडं उतरवावी लागणार नाहीत.

भिंतीपलीकडे कोण राहतं

डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिचा मोठा हिस्सा चाकं फिरवायला लागतो, मोठा हिस्सा सायलेन्सरमधून जातो, आणि ढोबळमानाने पाव भाग तरी कूलंटला, म्हणजे रसायन मिसळलेल्या त्या पाण्याला, उचलून रेडिएटरपर्यंत न्यावा लागतो. वॉटर बॉडी त्याला फिरवते. ब्लॉक, हेड, ऑईल कूलर, ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर, केबिनचा हीटर, नव्या गाड्यांत ईजीआर कूलर (जळालेला गॅस थंड करणारा), असं सगळीकडे फिरून ते रेडिएटरला येतं आणि परत जातं.

या वाटेवर कूलंटला बरेच शेजारी आहेत आणि मध्ये फक्त एक भिंत, एक गॅस्केट (सांधा बंद करणारा पातळ थर) किंवा एक रबरी रिंग. कूलंटचा स्वतःचा दाब तसा किरकोळ, टोपीवर लिहिलेला असतो तेवढाच, साधारण एक बारच्या आसपास (बार हे दाबाचं माप). इंजिन चालू असताना पलीकडे तेल असतं तीन-चार बारला. कॉम्प्रेसरमधली हवा आठ-दहा बारला. आणि सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं त्या क्षणी दाब शंभर बारच्या कितीतरी वर जातो.

म्हणजे इंजिन चालू असताना भिंतीला भोक पडलं तर बहुतेक वेळा शेजारीच कूलंटमध्ये घुसतो. गाडी बंद केली की सगळ्यांचा दाब उतरतो, पण कूलंट गरम असेपर्यंत त्याचा दाब तसाच राहतो. उलट पंप थांबल्यामुळे ब्लॉकमधली उष्णता पाण्यात साचते आणि पुढची काही मिनिटं दाब वाढतोही. आता तेच कूलंट त्याच भोकातून शेजाऱ्याकडे जातं. भोक एक, पण चालू गाडीत त्याचं लक्षण एक आणि उभ्या गाडीत दुसरं. गॅरेजमध्ये घोटाळा होतो तो इथे. चालू गाडीत बघणारा एक सांगतो, सकाळी थंड गाडी बघणारा दुसरं सांगतो, आणि दोघांचंही बरोबर असतं.

बुडबुडे दिसले म्हणजे हेडच, असं नाही

एक सिमेंट वाहणारी दहा चाकी आमच्याकडे आली होती. तिचं हेड दुसरीकडे दोनदा उतरलेलं, फेसिंग केलेलं (घासून सपाट केलेलं), गॅस्केट नवं. तरी दर ट्रिपला टाकीतून पाणी बाहेर फेकायची. मालक म्हणाला, "तिसऱ्यांदा हेड उतरवायचे पैसे नाहीत, पण दुसरं काय असणार? टाकीत बुडबुडे तर दिसतात."

बुडबुडे खरेच होते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टोपी काढली, गाडी स्टार्ट केली आणि वरून येणारी बारीक नळी टाकीत जिथे पडते तिथे टॉर्च मारून बसलो. गोळी सोडा उघडल्यासारखे बुडबुडे एकसारखे येत होते. पाणी अजून हाताला गारच होतं, त्यामुळे उकळण्याचा प्रश्न नव्हता. बाहेरून कुठली तरी हवा आत शिरत होती एवढं नक्की.

तसेच बघत राहिलो. तीन-चार मिनिटांनी ब्रेकच्या हवेचा काटा वर पोहोचला, हवेच्या ड्रायरमधून नेहमीसारखा 'फुस्स' आवाज आला, आणि थोड्याच वेळात बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. इंजिन चालूच होतं. क्लीनरला वर बसवून म्हटलं, ब्रेक पाच-सहा वेळा दाब. हवा खाली आली, कॉम्प्रेसर पुन्हा भरायला लागला, आणि बुडबुडे परत सुरू.

हेड गॅस्केटमधून गॅस येत असता तर ब्रेकच्या हवेशी त्याला काही देणंघेणं नसतं. इंजिन फिरतंय तोवर तो येतच राहिला असता, आणि लोड वाढला की वाढला असता. मग खात्रीसाठी कॉम्प्रेसरकडे जाणारे-येणारे पाण्याचे दोन्ही पाईप काढून एकमेकांना जोडले, कॉम्प्रेसरची तोंडं बंद केली, आणि गाडी आयडलला थोडाच वेळ चालवली. थोडाच, कारण पाण्याशिवाय कॉम्प्रेसर तापतो. टाकी शांत झाली, एकही बुडबुडा नाही. कॉम्प्रेसरचं छोटं हेड उघडलं तर गॅस्केट एका कडेला जळून काळं पडलेलं होतं. आठ बारची हवा तिथून पाण्याच्या वाटेत घुसत होती, पाणी टाकीकडे रेटत होती, आणि टोपीतून ते बाहेर पडत होतं. इंजिनाचं हेड दोन्ही वेळा विनाकारण उतरलं होतं.

म्हणून बुडबुडे दिसले की आधी त्यांचा संबंध कशाशी आहे ते बघा. ब्रेकच्या हवेशी असेल तर कॉम्प्रेसर. रेस आणि लोडबरोबर वाढत असतील तर सिलिंडरचा गॅस. आणि नुकतंच कूलंट बदललं असेल तर आत अडकलेली हवाच असू शकते, ती गाडी नीट तापून थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडला की निघून जाते.

पाण्यात बाहेरून गॅस किंवा हवा शिरतेय हे ओळखायच्या आणखी दोन खुणा आहेत, आणि दोन्हींना हत्यार लागत नाही. रात्रभर थंड झालेली गाडी स्टार्ट करून दोन मिनिटांत वरचा होज पाईप हाताने दाबून बघा. पाणी गार आहे आणि पाईप कडक झालाय, तर आत गॅस भरतोय, कारण गार पाणी आपण होऊन दाब तयार करत नाही. दुसरी खूण त्याच्या उलट बाजूने. संध्याकाळी गाडी लावली, सकाळी इंजिन पूर्ण गार आहे आणि पाईप अजून फुगलेलाच आहे. वाफेचा दाब असता तर थंड होताना उतरला असता. जो उतरला नाही तो गॅसचा. तो सिलिंडरचाच का हे पक्कं करायला टाकीच्या तोंडावर धरायची निळ्या द्रवाची नळी मिळते. जळालेल्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड त्यात गेला की निळा रंग हिरवट-पिवळट होतो. डिझेल आयडलला असताना या गॅसचं प्रमाण कमी असतं, म्हणून गार असतानाच टोपी काढून, मग इंजिन चांगलं तापवून, रेस देऊन ही चाचणी करा. नाहीतर दोष असूनही निळं ते निळंच राहील. आणि ज्या गाडीत कॉम्प्रेसर फुटलाय तिथे रंग बदलत नाही, कारण ती साधी हवा असते.

पाणी बाहेर दिसत नाही, बुडबुडेही नाहीत

ही जात जास्त छळते. पाणी दर आठवड्याला लिटरभर कमी, खाली डाग नाही, काटा ठीक.

पहिली शंका बाहेरचीच घ्या, कारण बारीक गळती गरम इंजिनावर पडताक्षणी वाळते. पाणी उडून जातं पण रंग मागे राहतो. पाईपच्या टोकाशी, वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकाशी, रेडिएटरच्या कोपऱ्यात हिरवट, गुलाबी किंवा पांढरा खार धरलेला दिसतो. थंडीत पहाटे गार पडलेला पाईप आकसतो, क्लिप सैल पडते आणि थेंब पडतात. गाडी तापली की तीच जागा घट्ट होते. म्हणून शोध पहाटे घ्या, गाडी स्टार्ट करण्याआधी. केबिनमध्ये गोडसर वास येत असेल आणि काचेच्या आतून चिकट धुकं धरत असेल, तर हीटरची जाळी.

नंतर हातपंप. टाकीच्या तोंडावर गेज असलेला पंप लावून टोपीवर लिहिलेल्या दाबाएवढीच हवा भरायची, जास्त नाही, आणि वीस मिनिटं काटा बघायचा. एकदा गार इंजिनावर आणि एकदा कोमट इंजिनावर, कारण काही चिरा गार असताना उघडतात आणि काही तापल्यावर. काटा उतरतोय पण बाहेर कुठे थेंब नाही, तर पाणी आत जातंय. आत जायच्या वाटा थोड्याच: तेलात, सिलिंडरमध्ये, ईजीआर कूलरमधून गॅसच्या वाटेत, नाहीतर कॉम्प्रेसरमध्ये.

तेलात जातंय का ते बघायला गाडी रात्रभर उभी ठेवा, दाब भरूनच ठेवली तर उत्तम. सकाळी चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) नट अगदी हळू सैल करा. कूलंट तेलापेक्षा जड असतं, त्यामुळे चेंबरमध्ये गेलेलं असेल तर पहिले थेंब त्याचेच येतात. तेल मोजायच्या पट्टीवर तेल दुधाळ दिसायची वाट बघू नका, तोपर्यंत बेअरिंग गेलेली असतात. उलट, तेल भरायच्या टोपीखाली पावसाळ्यात थोडा पांढरट फेस दिसला आणि पट्टीवरचं तेल स्वच्छ असेल तर घाबरू नका. कमी पल्ल्यावर चालणाऱ्या गाडीत दमट हवेची वाफ तिथे धरते. जास्त खात्री हवी असेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. पाणी उडून गेलेलं असलं तरी कूलंटमधल्या रसायनांचा सोडियम आणि पोटॅशियम तेलात मागे राहतो.

एक कळकळीची विनंती. पट्टीवरचा थेंब बोटाने चाखून कूलंट आहे का ते ओळखणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. ते गोड लागतं हे खरं, पण त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विष आहे. जुनं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, गोड वासाने कुत्री ते पितात आणि मरतात.

तेल आणि पाणी एकत्र आलं की ऑईल कूलर आठवा, आणि दाबाचं गणित इथे अगदी स्वच्छ दिसतं. चालू गाडीत तेल पाण्यात घुसतं, टाकीत वर तपकिरी लोण्यासारखा थर येतो. बंद गाडीत पाणी तेलात उतरतं. टाकीत भरपूर तेल आणि चेंबरमध्ये थोडं पाणी असेल तर बहुतेक ऑईल कूलर. चेंबरमध्ये पाणी आहे पण टाकीत तेलाचा थेंबही नाही, तर लायनरच्या (पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो त्याच्या) खालच्या ओ-रिंगा किंवा लायनरच बघावा लागतो, कारण तिथे पलीकडे दाबाखालचं तेल नसतं, त्यामुळे उलटं काही येत नाही.

ईजीआर कूलर हा तुलनेने नवा पाहुणा. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आल्यावर ज्या इंजिनांत तो आहे तिथे पाणी गायब व्हायला आणखी एक वाट झाली. त्यात जळालेला गरम गॅस पातळ नळ्यांतून जातो आणि बाहेरून कूलंट त्याला थंड करतं. सतत तापून-निवून नळीला चीर पडते. लोडवर असताना गॅसचा दाब जास्त झाला तर तो पाण्यात येतो आणि माणूस हेडवर संशय घेतो. आयडलला किंवा गाडी बंद असताना पाणी गॅसच्या वाटेत गळतं आणि स्टार्ट केल्यावर पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर सोडवून त्याच्या पाण्याच्या बाजूने हवा भरून पाण्यात बुडवा. काम काही तासांचं आहे. गॅसच्या तोंडाशी ओली काजळी असेल तर ती वाचताही येते: कोरडी काजळी मऊ पावडर असते, कूलंट लागलेली काजळी डांबरासारखी चिकटते.

लायनरला भोक आतून पडत नाही

ट्रकच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत लायनर ओले असतात, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. डिझेल पेटलं की पिस्टन एका बाजूला जोराने रेटला जातो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. ही थरथर इतकी जलद असते की लायनर पाण्यापासून क्षणभर दूर सरकतो, तिथे दाब कोसळतो आणि वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. लगेच लायनर परत येतो आणि ते फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना लोखंडावर टाचणीच्या टोकाएवढ्या जागी घाव बसतो. लाखो वेळा असं झालं की लायनरच्या एकाच उभ्या पट्ट्यात, पिस्टन रेटतो त्या बाजूला, वाळवी लागल्यासारखी भोकं दिसतात. मी असा लायनर उन्हाकडे धरून आतून पाहिलाय, पाच-सहा ठिकाणी सुईएवढा उजेड आरपार येत होता. आतून मात्र तो आरशासारखा गुळगुळीत होता.

अशा भोकातून रात्रभर पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो, आणि पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाणी खाणारी गाडी सकाळी सेल्फला अडकली तर पुन्हा पुन्हा मारू नका. इंजेक्टर (डिझेल फवारणारे) काढून मग फिरवा. पाणी कुठल्या सिलिंडरमधून उडतं तेही त्यातच कळतं.

हे थांबवण्याचं काम कूलंटमधली रसायनं करतात. ती लायनरवर पातळ थर धरतात, घाव त्या थरावर बसतो आणि थर पुन्हा भरतो. रसायनं संपली की घाव लोखंडावर. कूलंटचा रंग तसाच हिरवा दिसतो, पण त्यातलं संरक्षण संपलेलं असतं. ते तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात. टोपीचा दाब कमी पडला तरी हे बुडबुडे सहज तयार होतात, म्हणून ढिली टोपी फक्त पाणी सांडत नाही, लायनरही खाते. त्या मानाने टोपी किती स्वस्त आहे ते बघा.

पाणी पुरतं, तरी काटा वर

इथे शोध सोपा आहे. गाडी हळू चढताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते, तर पंखा किंवा पंख्याचा क्लच बघा, कारण घाटात समोरून वारा मिळत नाही. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलाय. ऊस आणि कापूस वाहणाऱ्या गाड्यांत इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत पाचट आणि तंतूंची गादी बसते. समोरून बघून ती कधीच दिसत नाही. दोन्ही वेगळे करून इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारा. रेडिएटर आतून चोंदलाय का ते बघायला तापमानाची बंदूक त्याच्यावर फिरवा, जिथे अचानक गार पट्टा लागतो तिथे पाणी फिरत नाही.

चढता काटा अचानक धपकन खाली आला तर आनंद मानू नका. पाणी सेन्सरच्या खाली गेलेलं असू शकतं, आणि सेन्सर हवेत लटकतोय. लगेच थांबा. गरम गाडीची टोपी मात्र उघडू नका. एक बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपी निघाली की दाब जातो, आणि ते सगळं एकदम उकळून अंगावर येतं.

थर्मोस्टॅटबद्दल जरा थांबून बोलायला हवं. गाडी तापते म्हणून तो काढून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. बऱ्याच ट्रक इंजिनांत तो दोन कामं करतो: साधारण ८२ अंशांच्या आसपास रेडिएटरची वाट उघडायला लागतो, आणि उघडता उघडता रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, आणि बरंच गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत येतं. घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. उलट थंडीत सपाट रस्त्यावर ती तापतच नाही, डिझेल जास्त खाते, आणि बीएस-६ गाडीत काजळीचा फिल्टर नीट जळून साफ होत नाही. संशय असेल तर पातेल्यात पाणी आणि तापमापक घेऊन थर्मोस्टॅट उकळून बघा. कितीला उघडतो ते डोळ्यांसमोर दिसतं.

बोअरचं पाणी ओतण्याबद्दल एवढंच: त्यातला खार हेडमधल्या सगळ्यात गरम जागी धरतो, आणि खाराचा थर लोखंडाच्या तुलनेत उष्णता फारच कमी जाऊ देतो. वाटेत पाणी संपलं तर इंजिन वाचवायला कुठलंही पाणी घाला, पण घरी आल्यावर ते काढून कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात, सहसा निम्मं-निम्मं, भरा. रंग बघून दोन कूलंट मिसळू नका, रंगाचा कुठला नियम नाही. गळती बंद करायची पावडर तर टाकूच नका. ती भोक बुजवण्याआधी हीटर आणि ऑईल कूलरच्या बारीक वाटा बुजवते.

दुरुस्तीनंतर कूलंट हळू भरा, हवा काढायचे नट उघडे ठेवा, हीटर चालू ठेवा, गाडी पूर्ण तापवा आणि गार झाल्यावर पुन्हा पातळी बघा. मग टाकीवर कागदी टेप लावून पेनाने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. ड्रायव्हरला सांगा, रोज पहाटे स्टार्ट करायच्या आधी बघ आणि पाणी कुठे आहे तिथे नवी रेघ मार. त्या सिमेंटच्या गाडीवर आम्ही अशीच टेप लावली होती. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा टेपवर एकाच जागी रेघांवर रेघा मारलेल्या होत्या.